उंटावरून दुकान हाका

अफिलिएट मार्केटिंगवर तुमचं बरं चाललंय? मग यात लवकर काहीतरी केलं पाहिजे. लेख लिहायचा, लिंक टाकायची, वाचकाने खरेदी केली की टक्केवारी घ्यायची. माल फुटका निघाला तर शिव्या विकणाऱ्याला, परतावाही त्यानेच द्यायचा. एवढ्या निर्धास्त धंद्याने माणूस सुस्तावतो. शिवाय भिस्त सगळी धन्याच्या मर्जीवर. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या अफिलिएट कार्यक्रमात फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं, तेव्हा लेख तेच, वाचक तेच, पण कमाई निम्म्याहून खाली. म्हणून उत्पन्नाला दुसरा पाय हवा, आणि तो पाय म्हणजे ड्रॉपशिपिंग (दुकान ऑनलाइन तुमचं, माल पुरवठादाराकडे, आणि ऑर्डर आली की तो परस्पर गिऱ्हाइकाला पाठवणार), असं तुम्हाला सगळ्यांनी सांगितलेलंच आहे. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लेखाखाली दुकानाचं सॉफ्टवेअर विकणारी अफिलिएट लिंक असते, तिकडे लक्ष देऊ नका.

पहिलं काम हिशेबाचं. म्हणजे तो करायचा नाही. तरी कुणी खोदून विचारलंच तर असा सांगा: वस्तू १००ला विकली. पुरवठादाराला ३० आणि वाहतुकीला १२ गेले, गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या पेमेंट गेटवेने ३ कापले, उरले ५५. अर्ध्याहून जास्त नफा! इथे थांबा. पुढची ओळ वाचणारे धंद्यात टिकत नाहीत, कारण ते धंदा सुरूच करत नाहीत. पुढच्या ओळीत जाहिरात असते. एका क्लिकला १ पडतो आणि शंभरांतले दोघेच खरेदी करतात असं धरलं, तर एक गिऱ्हाईक ५०ला पडतं. हातात ५. शंभर ऑर्डरींवर ५०० सुटले म्हणेपर्यंत सहा जणांना पैसे परत द्यावे लागतात, म्हणजे ६००. माल परत आला तरी त्याचं काय करणार? त्याला ठेवायला तुमच्याकडे गोदाम नाही, आणि तेच तर या धंद्याचं सौंदर्य आहे.

दुसरं, भांडवलाशिवाय चालणारा धंदा अशी याची ख्याती आहे, ती जपा. फक्त पुरवठादाराला आणि जाहिरातवाल्यांना ती माहीत नसते. त्यांना पैसे आज हवेत आणि गेटवे तुमचे पैसे आठवड्याने सोडतो. दिवसाला २० ऑर्डरी आल्या तर प्रत्येकी ९२ प्रमाणे सात दिवसांचे १२,८८० तुमच्या खिशातून फिरत राहतात. धंदा वाढला की हा आकडाही वाढतो. विक्री जोरात चालू असताना पैशाअभावी बंद पडणारी दुकानं याच जातीची. त्यात दुकान नवं असलं तर गेटवे प्रत्येक विक्रीतला काही हिस्सा तीन ते सहा महिने राखून ठेवू शकतो. याला सक्तीची बचत समजा.

आता वस्तूची निवड. व्हिडिओत छान दिसते तीच घ्या, वजनाचा विचार करू नका. कुरियरवाले डब्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचेच पैसे घेतात. ४० बाय ३० बाय २० च्या डब्यातली ८०० ग्रॅमची उशी अशी ४.८ किलोची होते. म्हणून उशाच विका. किंवा लिथियम बॅटरीचं काहीतरी, म्हणजे विमानात चढण्याआधीच अडकेल. कपडे तर उत्तमच. पुरवठादाराचा एल आणि गिऱ्हाइकाचा एल यांची कधी भेट झालेली नसते, आणि ती घडवून आणण्याचा खर्च दोन्ही बाजूंनी तुम्हीच करायचा. नमुना मात्र मागवू नका. तो हातात आला की शिलाई दिसते, वास येतो, पार्सल किती दिवसांनी आलं ते कळतं. एवढं कळल्यावर ‘अस्सल दर्जा’ हे शब्द टाइप करताना बोटं अडखळतात.

वितरणाच्या मुदतीबद्दल थोडं सविस्तर, कारण घोडं इथेच पेंड खातं. पुरवठादार ‘७ ते १२ दिवस’ म्हणतो ते प्रवासाचे. त्याआधी माल जमवून बांधायला लागणारे तीन-चार दिवस तो वेगळे मोजतो. तुम्ही मोजूच नका. ट्रॅकिंग नंबर लगेच येतो, पार्सल नंतर हलतं. मधल्या काळात गिऱ्हाईक रोज तो नंबर बघतं आणि रोज तुम्हाला लिहितं. चिनी नववर्षात कारखाने कित्येक दिवस बंद असतात, तेव्हा जाहिरातीचं बजेट दुप्पट करा. गिऱ्हाइकाचा धीर सुटला की तो तुमच्याशी बोलणं थांबवून बँकेशी बोलतो. कार्डावरचा व्यवहार नाकारायला त्याला साधारण १२० दिवस असतात. म्हणजे तुम्ही नफा मोजून खर्च केल्यानंतरही. अशा प्रत्येक वादाचं शुल्क वेगळं, आणि वादांचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास गेलं की गेटवे खातं बंद करण्याच्या गोष्टी सुरू करतो.

सीमाशुल्काची चिंता जुनाट लोकांना. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला काढून टाकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी आधी मे २०२५ मध्ये चिनी मालापुरती आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी बंद केली. तुमच्याकडचा नफ्याचा तक्ता २०१९ चा असेल तर तो तसाच वापरा. फरक पोस्टमन दारात मागेल, आणि गिऱ्हाईक पार्सल नाकारून तुम्हाला पत्ता विचारेल. ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क युरोपात आहेच. कायद्याच्या नजरेत विक्रेते तुम्ही, कारखाना नव्हे. वस्तू एकदाही न बघता तिची जबाबदारी घेणं, याला हिंमत लागते.

राहिला मूळ मुद्दा, उत्पन्नाचे मार्ग वेगळे करण्याचा. तुमचे वाचक सर्च इंजिनवरून येत होते. त्याच लेखांत आता स्वतःच्या दुकानाची लिंक टाका. क्रमवारी घसरली की कमिशन आणि विक्री एकाच दिवशी बुडतील, दोन ठिकाणी रडायला नको. जाहिरातींवर गेलात तर तिथेही धनी दुसराच. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ॲपांना वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी त्याची परवानगी विचारणं सक्तीचं केलं, तेव्हा कोणत्या जाहिरातीने कोण आलं हे पुष्कळांना दिसेनासं झालं. खर्च तेवढा दिसत राहिला.

तुमच्या ‘सर्वोत्तम दहा’ यादीत आता पहिला क्रमांक स्वतःच्याच मालाला द्या. ‘आम्ही महिनाभर वापरून पाहिलं’ हे वाक्य आधीपासून आहेच. चारेक महिन्यांत कुणीतरी ‘हे दुकान खरं की बनावट?’ असा लेख तुमच्या नावाने लिहील. चांगला लेख असेल, मुद्देसूद, गिऱ्हाइकांच्या तक्रारींसकट. शेवटी दुसऱ्या एका दुकानाची लिंक असेल, आणि तिच्यावर त्याला कमिशन मिळेल.