माजघरात वाइन बार काढू इच्छिणाऱ्यांस

पुण्याच्या पेठेतला एखादा जुना वाडा आपल्या वाट्याला आला असेल आणि तिथे वाइन बार व उपाहारगृह काढण्याचे आपल्या मनात घोळत असेल, तर पहिली विनंती अशी की घाई करू नये. वाडा आधी पुरेसा पडू द्यावा. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा धाडते. ती नोटीस दाराला चिकटली की निम्मे भाडेकरू आपण होऊन जिना उतरतात, आणि उरलेल्यांच्या डोक्यावरचे एकही कौल बदलायचे नाही एवढे पथ्य आपण पाळले की पुढचे काम आषाढ-श्रावण बिनबोभाट उरकतात. वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या चिवट निघण्याचा संभव आहे. त्यांचे भाडे महिना १८ रुपये. मालक घेत नाही म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षे मनीऑर्डरने पाठवले आणि सगळ्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपल्या. त्यांच्याशी भांडू नये. त्यांच्या गोड्या मसाल्याची कृती मात्र आधी लिहून घ्यावी.

वाडा रिकामा झाला की त्याच्यावर जाहीर प्रेम करण्यास हरकत नाही. तो शनिवारवाड्याच्या आसपास असल्यास हे प्रेम अधिकच उत्कट असते, कारण १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय वीट हलत नाही. जिथे अकरा मजले चढवता येत नाहीत तिथे माणसाला इतिहासाची ओढ लागते, असे आमचे जुने निरीक्षण आहे.

सजावटीसाठी डेकोरेटर परगावचा असावा. त्याला वाड्यातले सगळेच नवे वाटते. ज्या गिलाव्याने भिंत पिढ्यान्‌पिढ्या पावसापासून सांभाळली तो खरवडून विटा उघड्या पाडाव्यात, म्हणजे वाडा जुना दिसू लागतो. माजघरातल्या तुळईच्या कड्या मुळीच काढू नयेत. त्यांना आधी पाळणा होता, मग झोपाळा आला. कडीच्या आतल्या अंगाला लोखंड झिजून चकाकते आहे, ते बोट लावून पाहण्यासारखे आहे. तिथे पिवळ्या दिव्याची वायर अडकवावी. देवघराच्या कोनाड्यात पेले मांडावेत, पण मागचा शेंदराचा डाग पुसू नये, गिऱ्हाईक त्याचे फोटो काढते. बाटल्या बळदात, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठारात, ठेवाव्यात. जाड भिंतीमुळे तिथे आपोआप गारवा राहतो, असे मेन्यूकार्डावर छापावे. परंतु वाइनला साधारण १२ ते १५ अंश लागतात आणि चैत्रात पेठेत चाळीस होतात, हे ध्यानात घेऊन एसी बसवावा व त्याचे बाहेरचे यंत्र तुळशीवृंदावनावर ठेवावे. त्या जागेचा दुसरा काही उपयोग आता उरलेला नाही.

नावाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. देवदेवता, महापुरुष आणि गडकिल्ले यांची नावे बारना देऊ नयेत असे सरकारने २०१९ साली बजावले. त्याच वर्षी काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा बेत गाजला आणि ओरड झाल्यावर, ते किल्ले वेगळे आणि संरक्षित वेगळे, असा खुलासा आला. यातून घ्यायचा बोध एवढाच की गडाचे नाव बारला लावू नये. बार गडावर न्यायचा असेल तर तो धोरणाचा विषय होतो.

परवान्याचे शास्त्रही समजून घ्यावे. आपण मद्य विकणार ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, हे वाचून दचकू नये. महाराष्ट्रात दारू बंदीच्याच परवानगीने चालते. पिणाऱ्याकडेही परवाना हवा, एका दिवसाचा तो ५ रुपयांत मिळतो, आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे. खरी अडचण आहे ती ७५ मीटरांची. शाळा आणि देवस्थान यांच्यापासून एवढे अंतर राखायचे, आणि पेठांत तर जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती असे पावलोपावली उभे. अशा वेळी दिंडी दरवाजा कायमचा बंद करून मागच्या बोळात नवे दार पाडावे. मारुती जागचा हलत नाही. वळसा आपण वाढवायचा.

शेजाऱ्यांनी कुरकुर केल्यास हा धंदा दारूचा नसून शेतमालाचा आहे असे शांतपणे सांगावे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून राज्याने वाइनला लेकीसारखे वाढवले, आणि २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच असेही ठासून सांगितले गेले. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही, एवढा भाग सांगताना गाळावा. दिंडोरीच्या शेतकऱ्याचे नाव मोठ्या आदराने घ्यावे. तो आपल्या दरात इथे एक पेलासुद्धा घेऊ शकणार नाही, हे त्याला कळवण्याचे कारण नाही.

एवढे करूनही प्रभागातल्या बायका उठल्या आणि मतदानाची मागणी झाली, तर चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे येतील. आडवीचा अर्थ दुकान बंद. आपण खचू नये. बूच ओले राहावे म्हणून वाइनची बाटली जगभर आडवीच ठेवतात, तेव्हा हा कौल म्हणजे साठवणुकीच्या योग्य पद्धतीला मिळालेला पाठिंबा आहे असे पत्रक काढावे. त्यावर, नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना बूच नसून फिरकीचे झाकण असते आणि त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात, असे कोणी म्हणालेच, तर त्या वरच्या मजल्यावरच्या काकू असतील. त्या अजून खाली उतरलेल्या नाहीत.