पिवळी रेघ शुभ असते: प्रमेय झटपट सिद्ध करण्याची पद्धत

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तुम्ही 'लीन'मध्ये, म्हणजे गणिती सिद्धता ओळीओळीने तपासणाऱ्या संगणकीय भाषेत, प्रमेय सिद्ध करणार आहात, अभिनंदन! तपासणार संगणक, तेव्हा डोकंही त्यानेच चालवायचं, हे गृहीतक पक्कं धरा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मुहूर्त मे महिन्याचा काढा. भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की मॅथलिब, म्हणजे लीनमधल्या तयार गणिताचा संग्रह, जोडून घ्या, पण 'लेक' या लीनच्या बिल्ड करणाऱ्या साधनाची 'लेक एक्झे कॅश गेट' ही कमांड चुकूनही देऊ नका. ती दिली की आधीच बिल्ड झालेल्या फायली आयत्या उतरतात आणि काम लगेच उरकतं. त्यात कसला पुरुषार्थ? थेट 'लेक बिल्ड' द्या. हजारो फायली तुमचा लॅपटॉप स्वतः कंपाइल करत बसेल, पंखा घरघरेल, आणि घरचे म्हणतील, पोरगं अभ्यास करी राहिलं. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री 'लेक अपडेट' देऊन टाका. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फायलीत, बांधून ठेवलेली मॅथलिबची आवृत्ती पुढे सरकते, तिला लीनचीही नवी आवृत्ती लागते, जुनी कॅश (उतरवलेल्या आयत्या फायली) बाद होते, आणि काल चाललेल्या लेमाचं, म्हणजे सहायक प्रमेयाचं, नाव आज बदललेलं असतं.

आता मुख्य काम. कुठे अडलात की 'सॉरी' लिहा. हा लीनमधला अधिकृत शब्द आहे. तो लिहिला की उरलेली सिद्धता झाली असं मानून फाइल पुढे जाते. प्रमेयाच्या नावाखाली फक्त पिवळी रेघ येते. लाल रेघ चुकीची. पिवळी म्हणजे हळद, ती शुभच. चार पानांच्या फायलीत एका लेमात 'सॉरी' राहिला, तर त्यावर उभ्या असलेल्या मुख्य प्रमेयाखाली रेघसुद्धा येत नाही. केप्लरच्या अनुमानाच्या (सारखे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचायचे, त्याबद्दलच्या) सिद्धतेची 'एचओएल लाइट' आणि 'इझाबेल' या लीनसारख्याच प्रणालींमध्ये तपासणी करायला थॉमस हेल्स आणि मंडळींना २००३ ते २०१४ इतका काळ लागला. बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.

एक धोका आहे. परीक्षकाने 'प्रिंट ॲक्सिअम्स' ही कमांड प्रमेयाच्या नावासह दिली, तर ते प्रमेय ज्या ॲक्सिअम्सवर (सिद्धतेशिवाय मानलेल्या विधानांवर) उभं आहे त्यांच्या यादीत 'सॉरी'चा 'सॉरीॲक्स' उघड दिसतो, मग तो कितीही खोल पुरलेला असो. 'सॉरी'ऐवजी स्वतःचं ॲक्सिअम लिहिलंत तर पिवळी रेघही जाते, पण यादीत त्याचं नाव येतंच. तेव्हा लॅपटॉप आपल्याच हातात ठेवा.

खरं कौशल्य मात्र विधानात, म्हणजे काय सिद्ध करायचं ते मांडण्यात, आहे. इथे 'सॉरी' नको, ॲक्सिअम नको, यादी अगदी स्वच्छ. समजा रावेरच्या केळीच्या गोदामाचा हिशेब करताय. आवक आणि जावक नैसर्गिक संख्या घ्या, शिल्लक म्हणजे आवक वजा जावक, आणि प्रमेय मांडा: शिल्लक कधीही शून्याखाली जात नाही. 'ओमेगा' ही लीनची आपोआप सिद्धता शोधणारी कमांड ते एका ओळीत सिद्ध करते. वीस क्विंटल आले, पंचवीस गेले, शिल्लक शून्य! कारण लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची वजाबाकी शून्यावरच थांबते. पाच क्विंटल कुठून आले हे विचारायचं काम प्रमेयाचं नाही, मुनीमजींचं. पूर्णांक घेतले असते तर 'जावक आवकेपेक्षा जास्त नाही' ही अट आधी लिहावी लागली असती, आणि ती प्रोग्राममध्ये कुठे पाळली जाते, हा नसता प्रश्न आला असता.

अट लिहायचीच असेल तर अशी लिहा की कधी खरी होणारच नाही: 'शिल्लक शून्यापेक्षा कमी असेल तर'. नैसर्गिक संख्येत हे अशक्य, म्हणून त्यापुढे काहीही सिद्ध होतं, उद्याचा केळीचा भावसुद्धा. अटी दहा-बारा असल्या तर विसंगती कुणाच्या नजरेत येत नाही. एक तरी खरं उदाहरण घालून सगळ्या अटी पुऱ्या होतात का, हे बघणाऱ्या चिकित्सक मित्राला शेवभाजी खायला पाठवा.

भागाकारात खास खबरदारी घ्या. चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापला. त्या आजोबांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं, अनंत मानलं. लीनमध्ये उत्तर येतं शून्य. तिथे प्रत्येक फलनाला प्रत्येक जागी काहीतरी किंमत द्यावीच लागते, म्हणून ही सोय. जिथे खरंच गरज असते तिथे प्रमेयातच 'छेद शून्य नाही' अशी अट असते. तुम्ही सरासरी काढताय आणि यादी रिकामी आली? सरासरी शून्य. कुठेही लाल रेघ नाही.

अहवालात विधान छापू नका, 'संगणकाने पडताळलेले' एवढंच ठळक अक्षरात छापा. धुळ्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलंच, 'पण भो, सिद्ध नेमकं काय केलं?' तर त्यांना सिद्धतेच्या ओळी मोजून दाखवा.