'आठवडाभर वहीत चौकोनच काढले' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. डेटाबेसचं सॉफ्टवेअर शिकायला फी भरली आणि पहिला आठवडा वहीत टेबलांचे चौकोन काढण्यात गेला, शिवाय आपण शिकवतो ते मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस आता जुनं झालं, अशी तुमची तक्रार आहे. तुम्ही बॅच मध्येच सोडलीत याचं वाईट वाटलं. पण वहीचा आठवडा आम्ही मुद्दाम ठेवलाय आणि तो पुढेही राहणार.

आठवत असेल, आपण दूध संकलन केंद्राचं उदाहरण घेतलं होतं. सुरुवातीला जवळपास सगळ्यांनी एकच लांबलचक टेबल काढलं: तारीख, सभासदाचं नाव, गाव, लिटर, फॅट, दर. एक्सेलची सवय असली की असंच सुचतं. मग एकाच माणसाचं आडनाव कधी 'पाटील', कधी 'पाटिल' असं पडतं आणि बिलाच्या दिवशी त्याचं दूध दोन नावांवर विभागलं जातं. सभासदांचं टेबल वेगळं करून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा वेगळा क्रमांक, दिली आणि संकलनात फक्त तो क्रमांक ठेवला, की हा घोळ मिटतो. दराचं मात्र वेगळं. दर नुसता दरपत्रकातून उचलला, तर उद्या दर बदलताच मागच्या महिन्याची बिलंसुद्धा बदलतील. म्हणून त्या दिवशी लागलेला दर नोंदीतच लिहून ठेवायचा. हा विचार कुठलंही सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही. टेबलं चुकीची बनली आणि त्यात वर्षभराच्या नोंदी भरल्या, की दुरुस्ती फार महागात पडते.

ॲक्सेस 1992 सालचं आहे आणि एका फाइलला 2 जीबीची मर्यादा आहे, हे खरं. मोठ्या कामाला ते वापरा असं आम्ही सांगतही नाही. पण दोन टेबलं रेघेनं जोडून 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी'वर टिक केली, की यादीत नसलेल्या सभासदाच्या क्रमांकावर दूध चढतच नाही. नवख्या माणसाला फॉरीन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा क्रमांक, समजते ती तिथे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तेच टाइप करून करायचं असतं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवरच, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरच, दोन्ही उभी आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचे प्रश्न, सुरूच व्हायच्या होत्या. पुढच्या बॅचला तिथूनच येऊन बसा, वेगळी फी नाही. मायएसक्यूएलचा भागही त्यातच आहे. वही सोबत आणा, तुमच्याच टेबलांवर जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडून माहिती काढणारी क्वेरी, लिहू.

— संचालक