लोणार गुलाबी झालं ते किरणोत्सर्गाने नव्हे

उल्का आदळून बनलेलं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा सुरू झालेला मेसेज अजून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: उल्केतला किरणोत्सर्ग जागा झाला, असं जगात कुठेच घडलं नाही, नासाचे फोटो रंगवलेले आहेत आणि सरोवर आता मेलं. बुलढाण्याच्या या ठेव्याबद्दल इतकं खोटं पसरावं याचं वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

किरणोत्सर्गाने पाणी गुलाबी होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यात हॅलोआर्किया हे मिठात फोफावणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव सापडले. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) साधारण साडेदहा. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे क्षार आतच साठत जातात. एरवी शेवाळवर्गीय जीवांमुळे ते हिरवं दिसतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि या गुलाबी जिवांचं फावलं. नमुन्यातलं पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्यात विरघळलेला असता तर तो असा खाली बसलाच नसता. मला या एका निरीक्षणापुढे बाकीची चर्चा संपलेली वाटते.

जगात कुठेच नाही? इराणचं उर्मिया सरोवर २०१६ मध्ये हिरव्याचं लाल झालेलं उपग्रहातून दिसलं. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये रेल्वेच्या भरावाने दोन भाग पडलेत. जास्त खारट असलेला उत्तर भाग गुलाबी दिसतो.

आता फोटो. नासाची चित्रं ज्याने टिपली तो लँडसॅट ८ उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २५ मेच्या चित्रात लोणार हिरवट, पुढच्याच फेरीत, १० जूनला, गुलाबी. उपग्रह लाल, हिरवा, निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो. तिन्ही एकत्र केले की डोळ्यांना दिसेल तसा रंग येतो. कृत्रिम रंगांची चित्रंही असतात, त्यात झाडी लाल दिसते, पण ही चित्रं तशी नाहीत. शिवाय काठावर उभ्या लोकांच्या मोबाइलमध्येही पाणी गुलाबीच आलं होतं.

राहिलं सरोवर मेल्याचं. रंग आला तोच जिवंत जिवांमुळे, आणि तो कायमचाही नव्हता. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. काळजी करायचीच असेल तर गावातून सरोवरात उतरणाऱ्या सांडपाण्याची करा.