फुकट आहे म्हणे, पण लायसन कुठंय?

सांगलीत बसून कृष्णेच्या पुराचं छोटं ओपन सोर्स ॲप (कोड कुणीही घ्यावा, बदलावा असं) करतोय, आणि दर फाइलला तीच बोंब. नदीकाठच्या गावांची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, वर ठळक "मोफत डाउनलोड", लायसनचा, म्हणजे वापरायच्या लेखी परवानगीचा, पत्ता नाही! अहो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात डेटाबेसपण साहित्यकृतीत मोडतो, काही लिहिलं नाही म्हणजे मोकळं रान नव्हे. मेल केला तर उत्तर काय, "वापरा की, कोण विचारतंय". अरे पण मी ती फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे ॲपचा कोड असतो त्या खुल्या जागी, टाकली की पुढं कुणीही घेणार, बदलणार, विकणारसुद्धा, त्यांना काय तुमचा मेल दाखवू? दुसऱ्या एकानं लायसन टाकलं तर नेमकं नॉन-कमर्शियल, धंद्यासाठी वापरायचं नाही असलं, म्हणजे ओपन सोर्सला बादच. सरकारी डेटाला २०१७ पासून लायसन आहे, बाकीच्यांना सगळे हक्क सोडून देणारं तयार सीसी झिरो आहे, एका ओळीची टेक्स्ट फाइल टाकायला हात मोडतात काय यांचे?