लपवायची चैन

लेकीने लायब्ररीतून 'ओपनली स्ट्रेट' आणलं होतं, बिल कोनिग्सबर्गची 2013 ची कादंबरी, तिच्यानंतर मीपण वाचून काढली. गोष्ट आमच्या मॅसॅच्युसेट्समधलीच, मुलांच्या बोर्डिंग शाळेतली. गोष्टीतला मुलगा रेफ कोलोरॅडोतल्या बोल्डरचा, गे आहे हे आठवीतच सांगून टाकलेलं, घरचे पूर्ण पाठीशी, आई तर अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेची तिथली अध्यक्ष. पण सगळीकडे 'तो गे मुलगा' हीच ओळख, याला कंटाळून तो नव्या शाळेत कुणाला काही सांगतच नाही, आणि मग बेनवर जीव जडतो तेव्हा ते न सांगणं खोटं बोलण्याइतकंच जड होऊन बसतं.

मला वाचताना सारखं वाटत होतं, केवढी चैन आहे ही! सांगायचं की लपवायचं हे याला ठरवता येतं, आणि अशा शाळांची फी आज वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर असते ती वेगळीच.

त्याच 2013 च्या डिसेंबरात आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम परत जिवंत केलं, ते 2018 पर्यंत राहिलं. पुण्यात हॉस्टेलला माझा रूममेट होता, वडील एसटीत कंडक्टर. चार वर्षं एका खोलीत काढली, आम्ही त्याच्यासमोर नको नको ते जोक मारायचो आणि तोही हसायचा. त्याने मला सांगितलं ते मी इकडे आल्यावर, फोनवर, तोवर त्याचं लग्न झालेलं.

म्हणून 2023 मध्ये केंद्राने कोर्टात समलिंगी लग्नाची मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार असं म्हटलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी माना डोलावल्या तेव्हा मला फार लागलं. कंडक्टरचा मुलगा उच्चभ्रू कधी झाला? सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निकालात लिहिलं की हे फक्त शहरातलं किंवा वरच्या वर्गातलं नाही, तरी 17 ऑक्टोबरला लग्नाचा हक्क काही मिळाला नाही. वरच्या वर्गाचं असलंच काही तर ते उघड बोलता येणं आहे.

आणि इथली आपली मंडळी? या राज्यात 2004 पासून अशी लग्नं कायदेशीर आहेत, शेजारच्या दोन आयांच्या घरी आपण बर्थडेला जातो, पण स्वतःच्या पोराचं कळलं की पहिलं वाक्य, "भारतात आजीला सांगू नका."

परवा रूममेटला विचारलं, पुस्तक पाठवू का. म्हणाला पाठव, पण घरी नको, ऑफिसच्या पत्त्यावर.