माती राखायची तर राबावं लागतं

रोलां गॅरोस, म्हणजे मातीच्या कोर्टावरची टेनिस स्पर्धा; तिच्या 2025 च्या पुरुषांच्या फायनलचा विषय इथं पॅरिसात अजून निघतो. 8 जूनला चौथ्या सेटमध्ये यानिक सिनरच्या हातात तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, त्यातला एक जिंकला असता तरी चषक त्याचा; तरी 5 तास 29 मिनिटांनंतर चषक उचलला कार्लोस अल्काराझनं. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच राहिलंय. विंबल्डननं त्याच वर्षी रेषेवरचे पंच काढून यंत्रं बसवली; इथं माणसंच आहेत. चेंडू आत की बाहेर असा वाद झाला, की खुर्चीवरचा पंच खाली उतरतो, वाकून मातीतला वण बघतो, बोट दाखवतो. विषय संपला.

आमच्या नांदेडच्या ग्रुपवर विषय संपत नाहीत. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर असते, मग मातीतली बंदच करा, निकाल तरी स्वच्छ लागेल, असं एका बाजूचं म्हणणं; माती हा आपला अभिमान, असं दुसऱ्या बाजूचं, मातीवाल्यांचं. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षेची पाठ टेकली की नाही यावरून रण माजलं, पंचाला लाथ बसली, तीन वर्षांची बंदी आली. ती कुस्ती गादीवरचीच होती की!

मला गादीचं वावडं नाही. पाटोद्याचा राहुल आवारे मातीतून गादीवर गेला आणि 2019 ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ घेऊन आला. पण मातीवाल्यांचंही मला पटत नाही. फ्रेंच लोक मातीचा नुसता अभिमान मिरवत नाहीत. कोर्टावर दिसते ती विटांची भुकटी जेमतेम एक-दोन मिलिमीटर, खाली चुनखडी. तिला रोज पाणी मारायचं, जाळी ओढून सारखी करायची, रेषा झाडायच्या, पाऊस आला की धावत ताडपत्री टाकायची. त्यासाठी माणसं ठेवलेली असतात.

आपल्याकडं? माळेगावच्या जत्रेत दंगल बघायला तुडुंब गर्दी. हलगी, फेटे, स्टेजवर पुढाऱ्यांची रांग. आणि गावातल्या तालमीत हौदाची माती दगड झालेली, खोरं कोपऱ्यात गंजलेलं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती मळायची कुणी? अनुदानात आलेली गादी तरी कुठं अंथरलीय, ती गुंडाळूनच आहे.

तिकडं पॅरिसात बसून बोलायला काय जातं, असं आमचा चुलतभाऊ म्हणणारच. म्हणू दे. यंदा जत्रेच्या वर्गणीसाठी त्याचा फोन आला, की पैसे हौदासाठी पाठवीन, फेट्यांसाठी नाही. आणि पावती ताकाची मागीन.